पाठमोरा मंगळू

माझ्या नवऱ्याला माणसांचे चेहरे चालत नाहीत. घरात चालतात, माझा तर रोज बघावाच लागतो, पण कॅमेऱ्यात चालत नाहीत. आणि हा माणूस फोटो स्टुडिओवाल्याचा मुलगा. जव्हारच्या बाजारात सासऱ्यांनी काढलेला स्टुडिओ आता मी चालवते. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नाचे अल्बम आणि गेलेल्या माणसांचे मोठे फोटो, म्हणजे दिवसभर माझ्यापुढे चेहरेच चेहरे. सुशील लग्नाच्या ऑर्डरी तेवढ्या करतो, त्याही एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. उरलेल्या वेळात मोटरसायकल काढून जव्हार-मोखाडा पट्ट्यातल्या रस्त्यांवर फिरतो. फाट्यावर थांबलेली माणसं, जीपच्या टपावरची गाठोडी, टपरीमागे धुऊन उपडे घातलेले ग्लास, एसटीच्या खिडकीतून बाहेर आलेला एखादा हात, असले फोटो काढतो आणि त्यांची पुस्तकं करतो.

ही पुस्तकं छापखान्यातली नव्हेत. जाड कागदावर फोटो छापायचे, पानं दाभणानं भोसकायची, दोऱ्यानं शिवायची आणि वर कापडाचा पुठ्ठा चढवायचा. त्यासाठी लागणारी खळ माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पातेल्यात शिजते. सासूबाई होत्या तेव्हा एकदा त्यांनी ती पेज समजून तिच्यात मीठ घातलं होतं. प्रत्येक पुस्तकाच्या मोजक्याच प्रती निघतात. आत एक अक्षर नसतं आणि चेहरा तर औषधालाही सापडायचा नाही. सगळी माणसं पाठमोरी, नाहीतर खांद्यापासून खाली.

त्याचं म्हणणं मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. बाहेरून कॅमेरेवाले येतात, सुरकुतलेली म्हातारी आणि शेंबडं हसरं पोर टिपून नेतात, कॅलेंडरवर लावतात, नावही विचारत नाहीत. आपण आपल्या माणसांचे चेहरे न्यायचे नाहीत. माणूस आपल्या वाटेनं चाललाय, त्याला चालू द्यावं. मला हे पटत होतं, अजूनही पटतं. मुंबईला त्याच्या पुस्तकांचं प्रदर्शन झालं तेव्हा मी ठेवणीतली साडी नेसून गेले होते. तिथल्या एका बाईंनी, इकडच्या पाड्यांवर भिंतीवर काढतात त्या चित्रांतल्या माणसांना तरी कुठे चेहरे असतात, असं म्हणून त्याची परंपरा शोधून काढली. परतीच्या एसटीत सुशील मनोरपर्यंत धुसफुसत होता आणि मी हसू दाबत होते.

रस्त्यावरच्या माणसांनाही त्याची खोड ठाऊक झाली होती. सुशील गाडीवरून उतरला की फाट्यावरची माणसं आपण होऊन पाठ करून उभी राहायची. एक म्हातारबाबा तर टोपी सारखी करून मग वळायचे. मोखाड्याच्या बाजारादिवशी सुशील नवं पुस्तक गौतमच्या चहाच्या टपरीवर, बाकड्यावर ठेवून द्यायचा. भोवती गर्दी जमायची. ही माझी छत्री, हा माझ्या दिराचा लंगडा पाय, ही आमची कोंबडी. प्रत्येकजण आपली पाठ शोधायचा. माझ्या स्टुडिओतले फोटो कुणी इतक्या आनंदानं बघितले नाहीत.

त्याच बाकड्यावर सुकीला मंगळू सापडला.

होळी होऊन गेली होती. उन्हं तापली होती आणि मी पंख्याखाली कुणाचंतरी रेशनकार्ड लॅमिनेट करत होते. एक तिशीची बाई दारात येऊन उभी राहिली. कडेला सहा-सात वर्षांची मुलगी. आत ये म्हटलं तर चपला बाहेर काढून आली.

"तुमच्या शेटच्या पुस्तकात माझा माणूस हाय," ती म्हणाली. "मंगळू. तेला जरा फिरवून द्या."

फिरवून म्हणजे काय, मी विचारलं. तिनं तव्यावरची भाकरी उलथावी तसा हात उलथून दाखवला. तोंड इकडं, पाठ तिकडं.

मग तिनं जे सांगितलं ते असं. ती साखरशेतची. दिवाळीआधी भात आणि नागलीचं पीक घरात आलं, दिवाळी झाली, आणि मंगळू गावातल्या चारजणांबरोबर ठाण्याकडे इमारतीच्या कामावर गेला. दरवर्षी जायचा. तिथून ठेकेदारानं त्याला एकट्याला दुसऱ्या कुठल्या साइटवर पाठवलं. बाकीचे होळीला घरी आले, मंगळू आला नाही. त्याचा फोन बंद. ठेकेदार म्हणतो, तो मधेच काम सोडून गेला. पोलीस चौकीत गेली तर तिथला माणूस चांगला बोलला, बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, फोटो आण, फोटोशिवाय कुणाला शोधायचं?

आणि फोटो नव्हता. आधार कार्ड मंगळूच्या खिशात. त्याची झेरॉक्स घरात होती, ती सुकीनं पिशवीतून काढून मला दाखवली. झेरॉक्सची झेरॉक्स. चेहऱ्याच्या जागी काळा ठिपका, जणू कुणी बोट टेकवलंय. कार्ड पुन्हा काढावं तर ओटीपी त्याच्याच बंद फोनवर जाणार. मतदान कार्डावर त्याच्या नावापुढे कुणा भलत्याच म्हाताऱ्याचा फोटो. लग्नातले फोटो एका पाहुण्याच्या मोबाइलमध्ये होते आणि तो मोबाइल नदीत पडला. मला आधी हसू आल्यासारखं झालं, मग मी ती झेरॉक्स उजेडात धरून पाहिली. एवढा धडधाकट माणूस, आणि जगात त्याचा चेहरा कुठेच नाही.

मोखाड्याच्या बाजारात ती जीपवाल्यांना विचारत फिरत होती. गौतमनं चहा दिला. बाकड्यावर पुस्तक होतं. पानं उलटता उलटता तिला निळा शर्ट दिसला, खांद्यावर लाल दोऱ्यानं शिवलेला. तो दोरा तिनंच घातलेला, घरात निळा नव्हता म्हणून.

आमच्याकडे पुस्तकाची प्रत होती. काढली. साखरशेतचा फाटा, सकाळ, जीप उभी. चार माणसं जीपकडे तोंड करून, एकजण टपावर सामान चढवतोय. आणि जरा बाजूला निळ्या शर्टाचा माणूस, एका पायावर भार देऊन, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा. सुकीनं पानावर हात ठेवला नाही. बोट वरूनच, हवेतूनच, खांद्यापासून टाचेपर्यंत फिरवलं.

मी तिला समजावलं. फोटोत जे आलं तेच असतं, मागची बाजू नसते. ती ऐकत होती, पण तिची नजर माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे होती. तिथे आमची पाटी आहे, 'जुने फोटो नवे करून मिळतील', आणि पाटीखाली नमुने. फाटलेला माणूस सांधलेला. मिटलेले डोळे उघडलेले. आणि आमची सगळ्यात गाजलेली कामगिरी, नातू जन्मायच्या आधी वारलेले आजोबा नातवाला मांडीवर घेऊन बसलेले. इकडच्या गावांत पुष्कळांचा फोटो माणूस गेल्यावरच होतो. दिवसकार्याला लागतो म्हणून मिळेल तो कागद घेऊन लोक माझ्याकडे येतात. मी त्या चेहऱ्याला कोट घालते, टाय लावते, मागे निळं आभाळ आणि बाग टाकते. जन्मात कोट न शिवलेली माणसं माझ्या दुकानातून कोट घालूनच भिंतीवर जातात. कुणी कधी तक्रार केलेली नाही.

"मेलेल्याच्या मांडीवर पोर बसवता तुमी," सुकी म्हणाली. "ह्यो तर जिता हाय. नुसता तोंड इकडं करायचा."

तिचं काही चुकत नव्हतं. खोटं काय नि खरं काय याचा पत्ता आम्हीच कधी लागू दिला नव्हता, मग फिरवण्यापाशीच आमचं घोडं का अडावं?

सुशील येईपर्यंत मी तिला बसवून ठेवलं. मला खरंच वाटत होतं की त्याच्याकडे त्या सकाळचे आणखी फोटो असणार. एकातरी फोटोत मंगळू वळला असेल. सुशील आला, त्यानं पान बघितलं, सुकीचं ऐकलं, आणि त्याचा चेहरा उतरला. तो कॉम्प्युटरपाशी बसला. त्या सकाळचे फोटो एकामागून एक पडद्यावर येऊ लागले. जीप. गाठोडी. पाय. पाठ. पाठ. पाठ. सुकी वाकून बघत होती, मुलगी तिच्या पदराआडून. शेवटचा फोटो झाल्यावर सुशीलनं माउसवरचा हात काढला.

"तो वळला होता," तो म्हणाला. "माझ्याकडे बघून हसला. मी फोटो काढला होता. मग पुसला."

"पुसला म्हंजे कुठं गेला?" सुकीनं विचारलं.

सुशीलचा हा नियमच होता, चेहरा आला की जागच्या जागी पुसून टाकायचा, घरीसुद्धा आणायचा नाही. मी या नियमाचं कौतुक पाहुण्यांना सांगितलेलं आहे.

मग सुकीनं त्याला विचारलं, तुम्ही तर बघितला होता ना त्याला, कसा दिसत होता, राग होता का तोंडावर? सुशीलला शर्टाचा रंग आठवत होता, जीपच्या चाकाखाली लावलेला दगड आठवत होता, ऊन कुठल्या बाजूनं होतं तेही आठवत होतं. चेहरा आठवत नव्हता. हसला होता, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मला त्याचा इतका संताप आला की मी उठून उगाच झेरॉक्स मशीनचा कागद बदलला.

कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन तो नाशिकला गेला. पुसलेले फोटो परत काढून देणारा एकजण तिथे आहे. पण त्या कार्डावर त्यानंतर लग्नसराई होऊन गेली होती. त्या माणसानं दोन दिवस खटपट केली आणि हाती आलं काय, तर एका नवरीचे मेंदीचे पाय आणि कुणाच्यातरी वाढदिवसाचा अर्धा केक. सुशील परत आला तो अंगात ताप घेऊनच. त्यानंतर त्यानं कितीतरी दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही. मी त्याला एक शब्द बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय हे त्याला माहीत आहे.

सुकी मात्र येत राहिली. जव्हारला काही काम निघालं की स्टुडिओत डोकवायची. मागायची काही नाही. बसायची, पाणी प्यायची, भिंतीवरचे नमुने बघायची. कधी पिशवीतून रानातली करवंदं काढून टेबलावर ठेवायची. चौकीतला माणूस तेच म्हणत होता, फोटो. मला तिचं ते गप्प बसणं सोसवेना. ओरडली असती, सुशीलला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एक दिवस ती सहज बोलून गेली की जयवंती, म्हणजे तिची मुलगी, हुबेहूब बापावर गेली आहे. गावात सगळे म्हणतात, मंगळूचंच तोंड हिला लावलंय. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. मोबाइलवर आता असली ॲपं आली आहेत की बाईचा बाप्या होतो आणि पोराचा म्हातारा. आमच्या गिऱ्हाइकांची कॉलेजातली मुलं दिवसभर तेच करतात. मी जयवंतीला स्टुलावर बसवलं, मागे निळा पडदा सोडला, दिवे लावले. ती इतकी स्तब्ध बसली, जणू श्वास घेतला तर फोटो बिघडेल.

सुशील दारात उभा होता. तो म्हणाला, "असं नको करूस, अवंती. जो येईल तो कुणीच नसेल."

माझा तोल सुटला. तू काढलेल्या पाठीवरून पोलीस माणूस ओळखणार आहेत का, मी विचारलं. नुसते हात चोळत बसण्यापेक्षा काहीतरी करतेय ना मी. तो बाहेर गेला आणि दुपारभर आला नाही.

मुलीच्या चेहऱ्याचा आधी मुलगा केला, मग तरुण, मग बत्तीस वर्षांचा पुरुष. सुकी शेजारी बसून सांगत होती. नाक जरा बसकं. गाल आत. मिशी एवढी नाय, कमी. भिवईत कोयता लागल्याची खूण. मी करत गेले. कधी ती म्हणायची, नाय, हा कोन? कधी म्हणायची, थांबा थांबा, आता आला व्हता, गेला. माझ्या पाठीला रग लागली, तरी दोघींपैकी कुणी उठलो नाही. आणि मग एका क्षणी तिनं पदर तोंडाला लावला.

"असाच," ती म्हणाली. "असाच हाय." आणि रडायला लागली. मीही रडले. काय सांगू, मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. जयवंतीनं पडद्यावर बोट टेकवून विचारलं, बा? आईनं मान हलवली.

तो फोटो चौकीत गेला, तिथून पुढे गेला. मी आणखी प्रती काढल्या. जव्हारच्या स्टँडवर, मोखाड्याच्या स्टँडवर, जीपांच्या काचांवर, गौतमच्या टपरीवर मंगळू दिसू लागला. हरवला आहे, वय बत्तीस, खाली माझा मोबाइल नंबर, कारण सुकीच्या पाड्यावर रेंज लागत नाही. एक प्रत तिनं घरी नेली. आम्ही हार घातला नव्हता, कुंकू लावलं नव्हतं, कोटही नव्हता. जित्या माणसाचा फोटो म्हणून तिनं मला ते तीनदा सांगितलं होतं.

आणि फोन येऊ लागले. हा माणूस वापीला पाहिला. भिवंडीत गोदामाबाहेर झोपलेला असतो. नाशिकला अन्नछत्राच्या रांगेत होता, मीच त्याला पाणी दिलं. फोन करणारी माणसं चांगलीच होती, कुणी काही मागत नव्हतं. प्रत्येक फोनला माझा जीव वरखाली व्हायचा. मी साखरशेतला निरोप पाठवायची आणि सुकी दिराला घेऊन निघायची. भातलावणीच्या दिवसांतसुद्धा गेली. दोन दिवसांनी परतताना स्टुडिओच्या दारात उभी राहून नुसती मान हलवायची. हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागलं, आणि लक्षात येऊनही मी मनावर घेतलं नाही, की फोन करणारे खोटं बोलत नव्हते. त्यांनी तो चेहरा पाहिला होता. असा चेहरा चार ठिकाणी असणारच, त्यात मंगळूचं असं काही नव्हतंच. आणि खरा मंगळू त्याच स्टँडवर उतरला असता आणि त्याच कागदाला टेकून बिडी ओढत बसला असता, तरी कुणी त्याला हटकलं नसतं.

हे मी सुशीलला बोलून दाखवलं. मला वाटलं, तो म्हणेल, मी सांगितलं होतं. तो म्हणाला नाही. कागद आता काढून टाकायचे का, एवढंच त्यानं विचारलं. आणि ते सुकीला कोण सांगणार, यावर आमचं अडलं आणि कागद तसेच राहिले.

बघता बघता दिवाळी आली. ती आटोपली आणि माणसं पुन्हा निघाली. सुशीलनं कॅमेरा बाहेर काढला. यंदा तो चेहरे काढायला निघाला होता. फाट्या-फाट्यावर उभं राहून, निघणाऱ्या प्रत्येकाचा सरळ समोरून फोटो काढायचा आणि घरच्यांना एक प्रत द्यायची, पुस्तकबिस्तक काही नाही. पहिल्या दिवशी दुपारीच परत आला आणि ओट्यावर बसून राहिला. काय झालं म्हणून विचारलं तर सांगायला तयार होईना. मग कळलं. तो गाडीवरून उतरला तशी सगळ्यांनी नेहमीसारखी पाठ केली, हसत हसत, दादाचं काम सोपं व्हावं म्हणून. आणि इकडे बघा म्हटल्यावर कुणी बघेना. तोंडाचा फोटो हरवलेल्याचा नाहीतर मेलेल्याचा, एकजण म्हणाला, आमी तर काम करून येनार हाय.

त्याच आठवड्यात सुकी आली. बरोबर जयवंती. सुकीच्या हातात तो फोटो होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तिनं तो टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

"ह्यो परत घ्या, ताई."

आदल्या आठवड्यात मीच तिला निरोप धाडला होता, वसईच्या बाजूला एका वीटभट्टीवर हा माणूस आहे म्हणून. ती गेली होती. तिथे खरंच तो होता. फोटोतलाच, तिनं सांगितलं. तेच नाक, तीच मिशी, तेच आत गेलेले गाल. भिवईत खूण नव्हती, पण ती काय, पुसलीही गेली असेल. तो कुठला लांबचा, नाव हेमराज, त्याला कळेना ही बाई आपल्याकडे अशी का बघतेय. मग तो हसला.

"माना वाटला का हाच हाय," सुकी म्हणाली. "मीच ईसरले असन, तोच बरोबर. हात धरून आननार व्हते घरी. दीर बोलला, वयनी, हा नाय. मी बोलले, तुला काय माहीत?"

"मग?"

"मंग मी तेला सांगला, पाठ कर. तेनी केली. तवा समजला."

ती टेबलाच्या कडेवरची धूळ बोटानं पुसत राहिली. मग तिनं जे सांगितलं ते मला आजही पुरतं पेलत नाही. ती म्हणाली, आता डोळं मिटलं का हाच येतो. मंगळू येत नाय. किती बोलावला तरी नाय येत. रोज ह्योच बघते ना भिंतीवर. आगोदर तो यायचा.

चूक झाली म्हणायचं? तिनं मला दोष दिलाच नव्हता. मी केलेला चेहरा मी मोबाइलमधून पुसू शकत होते, स्टँडवरून फाडू शकत होते. तिच्या डोळ्यांमागून कसा काढणार होते? पुसला म्हणजे कुठे गेला, असं तिनं सुशीलला विचारलं होतं. याचं तर उलटंच झालं होतं. हा पुसूनही कुठे जाणार नव्हता.

तिला पाठीचा फोटो हवा होता. त्यात तरी तो हाय, ती म्हणाली. मी म्हटलं, आत्ता छापून देते, मोठा करून देते. पण सुशीलनं कपाटातून पुस्तकाची आपली प्रत काढली. ज्या पुस्तकाच्या पानाला ओला हात लागला म्हणून तो माझ्याशी भांडला होता, त्याच पुस्तकाच्या शिवणीत त्यानं ब्लेडची पाती घातली आणि ते पान सोडवलं. एका रेषेत, सरळ कापलं.

पान देताना तो तिला म्हणाला, मी हा फोटो का ठेवला माहीत आहे? बाकी सगळे जीपकडे बघतायत. हा एकटाच उलट्या बाजूला.

"तिकडं आमची वाट हाय," सुकी म्हणाली. "पाड्यावरून येते ती. आमचा भांडन झालता सकाळी. मी सोडाया आले नाय."

तिनं पान नीट गुंडाळलं आणि पदराखाली धरलं. मी टेबलावरचा दुसरा फोटो उचलला. फाडून टाकावा, डोळ्यांसमोरून जावा एकदाचा, म्हणून उचलला. तोच जयवंतीनं माझा हात धरला.

"माझा बा दे," ती म्हणाली.

सुकीनं तिला जवळ ओढलं. तो बा नाय, हा बा, असं म्हणून गुंडाळलेलं पान उलगडून दाखवलं. मुलीनं त्या पाठीकडे बघितलं, कुणा परक्याकडे बघावं तसं, आणि पुन्हा माझ्या हाताकडे वळली. ती रडत नव्हती. नुसती हात पुढे करून उभी होती. फोटोतला माणूस तिच्याच डोळ्यांनी तिच्याकडे बघत होता, कारण ते डोळे तिचेच होते, मी तिच्याच चेहऱ्यातून काढलेले. सहा महिने तो भिंतीवरून तिच्याकडे बघत आला होता. खऱ्या बापाचं तोंड तिला किती आठवत असेल, देव जाणे.

मी सुकीकडे बघितलं. तिनं दे म्हणावं की नको म्हणावं, मी करायला तयार होते. ती बराच वेळ मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

"दे तिला," ती शेवटी म्हणाली. "तिला कोनतरी पायजेल."

आम्ही दोघं त्यांना जीपपर्यंत सोडायला गेलो. मागच्या बाकड्यावर दोघींना जागा मिळाली. सुकी आत तोंड करून बसली, पान छातीशी धरून, आणि जयवंती मागे, आमच्याकडे तोंड करून. तिनं फोटो मांडीवर उभा धरला होता. जीप सुटली तसा तो माणूस आमच्याकडे बघत लांब जाऊ लागला. सुशीलच्या खांद्याला कॅमेरा होता. त्यानं तो उचलला नाही, आणि मीही उचल म्हटलं नाही. वळणावर जीप दिसेनाशी झाली, आणि आम्ही दुकान उघडं टाकून आलोय हे मला आठवलं.